मुंबई बघायची तर ससून डॉकवर जा

मानवत रोडला रात्री गाडीत बसलेला पाथरीकर सकाळी मुंबईत उतरतो आणि बहुधा गेटवेकडे वळतो. ती कमान १९११ च्या राजभेटीची आठवण. सात बेटांची मूळ मुंबई कोळ्यांची, आणि ती भेटते कुलाब्याच्या ससून डॉकवर, पहाटेच्या मासळी-लिलावात. धक्का १८७५ चा, अजून राबता. मासळी न खाणाऱ्यानं तिथं नाक दाबून कशाला उभं राहायचं, असं कुणी विचारेल. वास आहेच, नाकारत नाही. पण आवकेवर हलणारा भाव मोंढ्यात सोयाबीन घालणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. फक्त जून-जुलै टाळा: आपल्याकडे पेरण्या सुरू होतात, तेव्हा तिकडे मासेमारीबंदीमुळं यांत्रिक होड्या धक्क्याला बांधलेल्या असतात.