भाजल्यावर त्वचेचं काम कोण करतं? उत्तर शोधताना ट्रॉम्बे लागतं

ट्रॉम्बे म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अणुभट्टीचा घुमट. देशातली पहिली अणुभट्टी 'अप्सरा' १९५६ साली इथंच सुरू झाली, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण याच कुंपणाच्या आत, भाभा अणुसंशोधन केंद्रात, भाजलेल्या जखमेवर लावायची एक पट्टीही तयार झाली आहे.

अणूचा आणि कातडीचा काय संबंध? ते कळायला आधी कातडी काय करते ते बघू.

मोठ्या माणसाच्या अंगावरची सगळी त्वचा पसरली तर साधारण दीड ते दोन चौरस मीटर भरते. शरीराचा हा सगळ्यात मोठा अवयव. तिचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ, पापणीवर तर मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून नुसतं खरचटलं तर रक्त येत नाही. तिच्या तळाशी सतत नव्या पेशी बनतात, वर सरकत जातात, वाटेत केराटिन नावाच्या प्रथिनानं भरतात आणि मरतात. म्हणजे आरशात दिसते ती आपली 'ग्लोइंग स्किन' खरं तर मेलेल्या पेशींचा थर असतो. साधारण महिनाभरात हा थर बदलतो. रंग ठरवणारं मेलॅनिनही याच बाह्यत्वचेत बनतं.

तिच्याखाली अंतस्त्वचा. हा थर जाड आणि मजबूत, कोलॅजनच्या तंतूंनी विणलेला. रक्तवाहिन्या, वेदना आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं सगळं इथं. टॅटूची शाई याच थरात बसते, म्हणून वरची त्वचा कितीही वेळा बदलली तरी नाव पुसलं जात नाही. (ब्रेकअपनंतर हे कळून उपयोग नाही.) त्याखाली चरबीचा थर असतो, गादीसारखा.

आता यातलं सगळ्यात मोलाचं काम कोणतं? मला वाटतं, पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवणं. हे काम इतकं गुपचूप चालतं की ते थांबल्याशिवाय लक्षात येत नाही.

थांबतं ते भाजल्यावर. फक्त बाह्यत्वचा भाजली तर लाली येते, आग होते आणि काही दिवसांत बरं वाटतं. अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजला तर फोड येतात, पण तरीही त्वचा परत येते. कारण केसांची मुळं खोलवर असतात आणि त्यांच्याभोवती बाह्यत्वचेच्याच पेशींचं अस्तर असतं. तिथून नव्या पेशी बाहेर पसरतात. दोन्ही थर पूर्ण जळाले तर हा साठाही संपतो. अशा जागी नसाही जळालेल्या असल्यामुळे दुखत नाही. म्हणून 'दुखत नाहीये, म्हणजे बरं आहे' हा समज धोक्याचा आहे. उघड्या जखमेतून शरीरातलं पाणी झिरपत राहतं, अंग गार पडतं आणि जंतूंना वाट मोकळी मिळते. मोठ्या प्रमाणात भाजलेला माणूस पहिल्या दिवशी वाचतो आणि पुढं संसर्गानं जातो, तो यामुळे.

म्हणजे जखमेवर असं काहीतरी हवं, जे तात्पुरतं त्वचेचं काम करेल. ट्रॉम्बेची पट्टी इथं येते. ही हायड्रोजेलची पारदर्शक चकती, हातात घेतली तर चायना ग्रासच्या वडीसारखी. तुलना उगाच नाही, तिच्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलबरोबर अगर खरंच असतं. बाकी बहुतांश पाणी. हे मिश्रण किरणोत्साराखाली ठेवलं की रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, जाळं बनतं आणि त्यात पाणी अडकतं. त्याच वेळी जंतूही मरतात. पट्टी थंडावा देते, जखम ओली ठेवते, चिकटत नाही आणि पारदर्शक असल्यानं न काढता आतलं दिसतं. जिनं रोज कापसाची पट्टी ओढून काढल्याच्या वेदना सोसल्यात, तिला यातला फरक सांगावा लागणार नाही.

दुसरा धागा 'आयसोमेड'चा. ट्रॉम्बेतला हा प्रकल्प १९७४ पासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करतो. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ साली टिश्यू बँक सुरू झाली. तिथं बाळंतपणानंतर आयांनी दिलेलं गर्भाभोवतीचं पातळ आवरण स्वच्छ करून, सुकवून जखमेवरचं आच्छादन बनवतात. ते उकळलं तर खराब होईल. गॅमा किरण मात्र बंद पाकिटातून आरपार जातात, उष्णता जवळपास नसते आणि वस्तू किरणोत्सारीही होत नाही.

पण खूप खोल, खूप मोठ्या जखमेला पट्टी पुरत नाही. तिथं लागते माणसाचीच त्वचा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकारानं देशातली पहिली त्वचा पेढी सुरू झाली. पुढं ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आली. नेत्रदान आपल्याला माहीत असतं, त्वचादानाचं नाव काढलं की घरचे दचकतात. 'सोलणार का?' हाच पहिला प्रश्न असतो.

सोलत नाहीत. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत कळवलं की पथक घरी किंवा रुग्णालयात येतं. मांड्या, पाय, पाठ इथून मिलिमीटरच्या अर्ध्याहून कमी जाडीचा थर घेतात आणि वर बँडेज बांधतात. रक्त वाहत नाही, चेहरा-हात तसेच राहतात, अंत्यविधीला अडथळा येत नाही. दात्याचं वय १८ च्या वर हवं. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, त्वचेचा कर्करोग किंवा मोठा संसर्ग असेल तर त्वचा घेत नाहीत. ती ग्लिसरॉलमध्ये, थंडाव्यात, सुमारे ५ वर्षं टिकते.

ही त्वचा रुग्णाच्या अंगावर कायमची राहत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारतं आणि ती गळून पडते. पण तोवर पाणी झिरपणं थांबलेलं असतं, संसर्ग अडलेला असतो आणि डॉक्टरांना रुग्णाच्याच मांडीचा पातळ थर काढून जखमेवर लावायला वेळ मिळालेला असतो. ती मांडीही दोनेक आठवड्यांत भरून येते, कारण केसांची मुळं तिथं शाबूत असतात. गरज पडली तर तिथूनच पुन्हा त्वचा घेता येते.