कोकणकडा एका चौकटीत

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका फोटोत मावत नाही. म्हणून मी सुटे फोटो काढून ते ‘हुगिन’मध्ये जोडतो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि माझ्या मते नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. त्याचा पाया म्हणजे जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये तयार केलेली ‘पॅनोरमा टूल्स’.

शेजारच्या दोन फोटोंत साधारण एकतृतीयांश भाग सामाईक ठेवा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर. मग हुगिन दोन्हींतले सारखे बिंदू शोधतं: कातळातली तीच भेग, तेच झुडूप. ढगांवर नि धुक्यावर पडलेले बिंदू मी हाताने काढून टाकतो. ढग सरकतात आणि सगळा जोड बिघडवतात. क्षितिज कललं असेल, तर त्यावर आडवी रेघ नेमून दिली की चित्र सरळ होतं. सांधे मिटवायचं काम ‘एनब्लेंड’ या प्रोग्रॅमचं.

पुढ्यातला दगड दोनदा दिसला, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. कॅमेरा लेन्समधल्या योग्य बिंदूभोवती फिरलेला नसतो. जोडलेलं चित्र पूर्ण ३६० अंशांचं असेल, तर ‘पॅनेलम’ हे सॉफ्टवेअर ते ब्राउझरमध्येच फिरवून दाखवतं. फोटो काढताना मात्र कड्याच्या धारेपासून मागेच उभे राहा.