गुरुदक्षिणा की मानधन?

उज्जैनच्या माधव नगरातून सांदीपनींचा आश्रम फार दूर नाही. तेथील गुरूने विद्येचे मोल मागितले ते शिक्षण संपल्यावर, आणि कृष्णाने ते पुरेपूर फेडले, असे पुराण सांगते.

आजचा हिशेब निराळा. १९९७ साली मध्य प्रदेश सरकारने शिक्षण हमी योजना काढली व शाळा नसलेल्या वस्तीला ९० दिवसांत शिक्षक देण्याचे वचन दिले. या शिक्षकाला नाव मिळाले ‘गुरुजी’ आणि मानधन महिना ५०० रुपये! पुढे ‘अतिथी शिक्षक’ आले. २०२३ साली मानधन दुप्पट करण्याची घोषणा झाली, तेव्हा प्राथमिक वर्गांच्या अतिथी शिक्षकाला ५,००० चे १०,००० व्हावयाचे होते. त्याच फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या कायम शिक्षकाचा पगार याच्या दुपटीहून अधिक. २०२५ साली राज्याने आपल्या नव्या मोठ्या शाळांना सांदीपनींचे नाव दिले. नाव शोभते खरे. पण दक्षिणेचे काय?

शिक्षकी हे व्रत आहे, असे आपण म्हणतो. व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. दुसऱ्याने लादले की ती वेठ होते. घरातला मुलगा उद्या ‘मास्तर होतो’ म्हणाला, तर आपण आनंदाने होकार देऊ काय? नसेल, तर मास्तरांना पुरेसे मिळते असे कोणत्या तोंडाने म्हणावे?