बाजू घ्या, पण सांगून घ्या

ऑक्टोबर २००९. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक ऐन रंगात होती. त्या दिवसांत तीन मोठ्या मराठी दैनिकांत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची भरभरून स्तुती करणारा मजकूर बातमी म्हणून आला. ही दैनिकं खपासाठी एकमेकांशी झुंजणारी, पण मजकूर मात्र शब्दन् शब्द तोच. ‘जाहिरात’ असा उल्लेख कुठेही नव्हता. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवून ‘द हिंदू’त लिहिलं, तेव्हा देशभर खळबळ उडाली. चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये.

आपण या मजकुरासाठी पैसे दिले नाहीत, असं चव्हाण सांगत राहिले. दैनिकांनीही आरोप फेटाळला. पुढे जे झालं ते मुळातून समजून घेण्यासारखं आहे. भोकर मतदारसंघात चव्हाणांकडून हरलेले माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. उमेदवाराच्या हिशेबाची सत्यता तपासायचा अधिकार आयोगाला आहे की नाही, हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. न्यायालयाने मे २०१४ मध्ये तो अधिकार मान्य केला. आयोगाने हिशेब सदोष ठरवला, पण दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो आदेश रद्द केला. पाच वर्षं गेली आणि वाचकाच्या हाती काय आलं? त्याने वाचलेली ती बातमी होती की जाहिरात, हे त्याला कोणीच अधिकृतपणे सांगितलं नाही.

माध्यमं पक्षपाती झाली, अशी तक्रार आपण करतो तेव्हा पूर्वी ती निष्पक्ष होती असं गृहीत धरतो. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास तसा नाही. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद विकोपाला गेले, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. कोणता अंक कोणत्या बाजूचा, हे वाचकाला विकत घेतानाच ठाऊक असे. मला या परंपरेत काहीही गैर वाटत नाही. मतपत्र असणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो मत, आणि त्याहून वाईट म्हणजे पैसा, बातमीच्या कपड्यात लपवणं.

उघड बाजू घेणाऱ्यांकडूनही अन्याय होतो, आणि तो ओळखणं जास्त अवघड असतं, कारण तो छापलेल्या मजकुरात सापडत नाही. जानेवारी १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचंच हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, हे बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात मांडलं होतं. कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती आतल्या पानावर एका कॉलमात आणि कोणती डेस्कवरच मेली, यातच पक्षपाताचा मोठा भाग असतो.

पक्षपातामागचं अर्थकारणही सरळ आहे. अंकाची किंमत कागदाचाही खर्च भागवत नाही. बाकीचा भार जाहिरातींवर, आणि त्यांत सरकारी जाहिरातींचा वाटा अनेक छोट्या जिल्हा दैनिकांसाठी जगण्या-मरण्याचा असतो. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, तालुक्याच्या बातमीदाराला आपल्या संपादकाची अडचण न सांगता कळते. निवडणुकीत तर अनुकूल बातम्यांसाठी उमेदवाराकडे थेट ‘पॅकेज’ मागितलं जातं. प्रेस कौन्सिलसाठी परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० मध्ये अशा व्यवहारांवर नावानिशी तपशीलवार अहवाल लिहिला. कौन्सिलने मात्र आधी त्रोटक अहवालच स्वीकारला. मूळ अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. दुसऱ्यांची लपवलेली कागदपत्रं बाहेर काढणं हाच ज्यांचा धर्म, त्यांच्या संस्थेने हे करावं याची मला मनापासून लाज वाटते.

तरी मार्ग अगदीच बंद नाहीत. निवडणूक काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यमांवर देखरेख करणारी समिती असते. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, सिद्ध झाली तर त्या जागेचा जाहिरात दराने होणारा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव अशाच प्रकरणात, खर्च दडवल्याबद्दल, २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या होत्या. पेड न्यूजला स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली आहे. म्हणून पुढच्या निवडणुकीत एकाच उमेदवाराची एकसारखी स्तुती दोन पेपरांत दिसली, तर दोन्ही कात्रणं तारखेसह कापून ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या समितीकडे लेखी तक्रार करा.