मुळांनाही श्वास हवा असतो

गेल्या श्रावणातील गोष्ट. रक्तदाब तपासून घेण्यासाठी नियमित येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका त्या दिवशी पिशवीतून एक छोटी कुंडी घेऊन आल्या. तपासणी आटोपल्यावर त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता हिलाही तपासा. रोज न चुकता पाणी घालते, दर पंधरवड्याला खत देते, तरी ही खंगतच चालली आहे." कुंडीत एचेव्हेरियाचे रोप होते. खालची पाने पिवळी आणि पाणथळ झाली होती, बोट लागताच गळून पडत होती. रोप अलगद उपसले तर मुळे काळी, बुळबुळीत, कुबट वासाची. मी म्हणालो, "बाई, हिची उपासमार झालेली नाही. ही गुदमरली आहे."

सक्युलंट आणि ब्रोमेलियाड ही झाडे अलीकडे घरोघरी दिसू लागली आहेत. सदनिकेच्या सज्जात मावणारी, देखणी आणि फारशी मागणी नसलेली अशी त्यांची ख्याती. तरीही बहुतेक घरांत ती पहिल्याच पावसाळ्यात दगावतात. माझ्याही दगावल्या आहेत. त्या अनुभवातून जे शिकलो ते वाचकांसमोर ठेवतो. त्यात एक बाब केवळ झाडांच्या नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रकृतीशीही निगडित आहे.

दोन कुळे, दोन स्वभाव

नावे परकी असली तरी या मंडळींचे नातलग आपल्या परिचयाचे आहेत. ब्रोमेलियाड कुळातील सर्वांत प्रसिद्ध सदस्य म्हणजे अननस. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो भारतात आणला. या कुळातील तीन हजारांहून अधिक जाती जवळजवळ सर्वच अमेरिका खंडातील आहेत. गुझ्मानिया, निओरेजेलिया, एक्मिया, व्हरिसिया या जाती शोभेसाठी लावल्या जातात. रानात यांतील अनेक झाडे मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात. मुळे प्रामुख्याने फांदीला धरून राहण्यासाठी असतात. पाणी साठते ते पानांच्या बेचक्यात तयार झालेल्या पेल्यात, आणि पानांवरील सूक्ष्म खवले ते शोषून घेतात.

सक्युलंट म्हणजे एकच कुळ नव्हे. कोरफड, पानफुटी, निवडुंग, जेड, हॅवर्थिया अशी निरनिराळ्या कुळांतील ही झाडे एका गुणामुळे एकत्र आली आहेत. पाने, खोड किंवा मुळे यांत पाणी साठवून ती कोरड्या दिवसांची बेगमी करतात. एकाचा साठा पेल्यात, दुसऱ्याचा अंगात. दोहोंच्याही मुळांना सतत ओल्या मातीत राहण्याची सवय नाही.

माती म्हणजे आधार, आणि पोकळीही

मुळे श्वसन करतात, त्यांना प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. त्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांचा श्वास कोंडतो, पेशी मरतात आणि मग बुरशी आपले काम करते. वरवर पाहता रोप मलूल दिसते. आपल्याला वाटते, तहानले असेल. आपण आणखी पाणी घालतो. आजाराचे लक्षण ओळखण्यात अशी गल्लत झाली की उपचारच घातक ठरतो.

आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात ती गुणाची, कुंडीत मात्र या झाडांसाठी अयोग्य. रोपवाटिकेतील लाल माती एकटीच वापरली तर काही महिन्यांत विटेसारखी घट्ट बसते. निव्वळ कोकोपीट पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, आणि एकदा पूर्ण सुकले की पुन्हा सहज भिजत नाही.

सक्युलंटसाठी मी वापरतो ते मिश्रण असे : चाळलेली लाल माती एक भाग, चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत एक भाग, आणि विटांचे बारीक तुकडे, जाड रेती किंवा पर्लाइट मिळून दोन भाग. विटांचे तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे असावेत. भुकटी चाळून टाकावी, कारण ती पोकळ्या बुजवते. बांधकामाची कृत्रिम वाळू घेतल्यास धुऊन तिच्यातील बारीक पूड काढावी. समुद्राची वाळू क्षारयुक्त असल्याने वापरू नये. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात रेती-विटांचे प्रमाण तीन भागांपर्यंत न्यावे.

ब्रोमेलियाडसाठी मातीची जवळपास गरज नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग आणि पाचोळ्याचे भरड खत एक भाग पुरेसे होते. सोडणात क्षार असतात. म्हणून तुकडे एक-दोन दिवस भिजवून, पाणी बदलून, निथळून घ्यावेत.

मिश्रण जमले की नाही हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे. भरलेल्या कुंडीत पेलाभर पाणी ओतावे. ते पृष्ठभागावर तळे करून थांबले तर मिश्रण घट्ट आहे. काही क्षणांत मुरून तळाच्या छिद्रातून वाहू लागले तर योग्य आहे. तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो, हा समज मात्र सोडून द्यावा. बारीक मातीतील पाणी खालच्या खड्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाच्या थरातच अडून राहते. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवणे पुरेसे. कुंडी मातीची असेल तर उत्तम, आणि रोपाच्या मानाने फार मोठी नसावी. मोठ्या कुंडीतील जादा माती सुकता सुकत नाही.

पाणी घालण्यासाठी वार ठरवू नये. कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली आणि आत खुपसलेली लाकडी काडी कोरडी बाहेर आली, तरच सक्युलंटला भरपूर पाणी द्यावे, आणि मग पुन्हा सुकेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात ही कुंडी वळचणीला, पण उजेडात ठेवावी.

पेल्यातील पाणी आणि घरातील ताप

आता त्या महत्त्वाच्या बाबीकडे वळतो. दर पावसाळ्यात मी रुग्णांना सांगत आलो आहे की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पाणी साठू देऊ नका. एका सकाळी स्वतःच्या सज्जातील निओरेजेलियाला पाणी घालताना चष्मा सावरून पेल्यात डोकावलो, तर आत अळ्या वळवळत होत्या. ड्रॉपरने पाणी काढून पांढऱ्या वाटीत घेतले आणि खात्री पटली. डेंग्यूच्या रुग्णांना दिवसभर उपदेश करणाऱ्या डॉक्टरांच्या घरीच डासांची पैदास सुरू होती. मी ओशाळलो, हे कबूल केले पाहिजे.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास अशाच लहान, स्वच्छ पाणसाठ्यांत अंडी घालतो. ब्रोमेलियाडचा वाटा सर्वत्र सारखा नाही. ब्राझीलमधील रिओ दी जानेरोच्या पाहणीत त्यांत या डासाच्या अळ्या फार थोड्या सापडल्या. उलट २०१६ साली झिकाची स्थानिक लागण झालेल्या अमेरिकेतील मायामी परिसरात त्या शोभेच्या ब्रोमेलियाडमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळल्या. आपण सावध राहणेच श्रेयस्कर.

यासाठी झाड टाकून देण्याची गरज नाही. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी कुंडी तिरकी करून पेला रिकामा करावा, जोरदार धारेने धुवावा आणि ताजे पाणी थोडेसेच भरावे. मुसळधार पावसाच्या आठवड्यांत पेला रिकामा ठेवला तरी चालतो, मिश्रण जरासे ओलसर असले की पुरे. पेल्यात रॉकेल किंवा तेल कदापि घालू नये, झाड मरते. कुंडीखालच्या ताटल्या केवळ ओतून भागत नाही, घासाव्या लागतात. या डासाची अंडी कोरड्या कडांवर महिनोन्महिने तग धरतात. आणि घरात कोणाला ताप आलाच, तर तपासणीपूर्वी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हात, डोळे, श्वास

शेर, त्रिधारी निवडुंग आणि युफोर्बियाच्या इतर जातींचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे घालावेत. चीक उडालाच तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तूप, मध, दूध काहीही घालू नये. काटा खोल रुतला आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. पर्लाइटची धूळ छातीला त्रासदायक असते. ते आधी ओले करावे. खताची पिशवी तोंडाजवळ धरून उघडू नये. कुजलेल्या खतातून क्वचित लेजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू श्वासावाटे शिरतो, त्यामुळे वृद्धांनी व दम्याच्या रुग्णांनी मुखपट्टी वापरावी. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

'ही झाडे रात्री प्राणवायू देतात, म्हणून शयनगृहात ठेवा' असा सल्लाही ऐकू येतो. त्यात अर्धे सत्य आहे. यांतील अनेक झाडे पर्णरंध्रे रात्री उघडतात, पण कार्बन डायऑक्साइड घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवण्यासाठी. पानफुटीची पाने सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागतात, हे बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतातच पाहून १८१३ साली लिहून कळवले होते. आपण मात्र चाखून पाहू नये, या पानांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. प्राणवायू तयार होतो तो दिवसाच, सूर्यप्रकाशात. शयनगृहाच्या हवेसाठी खिडकी उघडणे हाच खरा उपाय.

त्या शिक्षिकाबाईंचे रोप वाचले. कुजलेला भाग स्वच्छ सुरीने कापला, शेंडा चार दिवस सावलीत सुकू दिला आणि नव्या मिश्रणात टेकवला. तीन आठवड्यांनी मुळे फुटली. पुढच्या खेपेस त्यांनी घरच्या गुझ्मानियाची तक्रार आणली. फूल सुंदर आले होते, पण आता मूळ झाड सुकू लागले होते. त्यावर उपचार नव्हता. ही झाडे आयुष्यात एकदाच फुलतात आणि मग काही महिन्यांत निरोप घेतात. मी त्यांना बुंध्याशी पाहायला सांगितले. तेथे दोन पिल्ले आली होती. ती आईच्या निम्म्या उंचीची झाली की वेगळी करा, तोवर आईला उपटू नका, एवढेच सांगितले. परवा बाई आल्या तेव्हा रक्तदाब ठीक होता, आणि पिशवीत माझ्यासाठी एक पिल्लू होते.