संगत आणि शिवी : कोरियातील एक उदाहरण

मुलाच्या मुखी शिवी आली की घरच्या संस्कारांस दोष देण्याची रीत आहे. परंतु पुष्कळदा ती शिवी सोबत्यांत उचललेली असते. दक्षिण कोरियातील कुमारवयीन मुलांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

कोरियन भाषेत आदरभावास मोठे स्थान आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूपच बदलावे लागते. या बोलीस ‘जोंदेन्माल’ म्हणतात. बरोबरीच्यांशी बोलावयाची मोकळी बोली ती ‘बान्माल’. अशा मर्यादशील भाषेतही शाळकरी मुले आपापसांत सर्रास शिव्या देतात, ही तेथील शिक्षक-पालकांची जुनी चिंता आहे.

याचे कारण काय? प्राथमिक शाळेची ६ वर्षे संपली की मूल ३ वर्षांच्या माध्यमिक शाळेत जाते. तेथे वर्ग बहुधा एकाच खोलीत बसतो. शिक्षक तेवढे बदलतात. सायंकाळी पुन्हा ‘हाग्वोन’ नावाची खाजगी शिकवणी. दिवसाचा बहुतेक काळ समवयस्कांत जातो. त्यांच्यात शिवी ही जवळिकीची व धीटपणाची खूण ठरते. एकटे पडण्याच्या भयाने नवा मुलगाही ती उच्चारतो. पुष्कळांस तिचा मूळ अर्थही ठाऊक नसतो. इतरांना हे आवडते असे प्रत्येकजण समजतो, आणि मनातून नावड असलेलाही गप्प राहतो.

सोबत्यांचा हा प्रभाव प्रयोगानेही दिसला आहे. अमेरिकेत गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोटार चालविण्याच्या खेळात कुमारांनी मित्रांदेखत अधिक धोके पत्करले. प्रौढांत तसा फरक पडला नाही.

थट्टेतील शिवी एखाद्या दुबळ्या मुलावर रोखली गेली की तिचा छळ होतो. कोरियाच्या २००४ च्या शालेय हिंसा प्रतिबंधक कायद्यात अपमानाचाही समावेश आहे, आणि तेथील वार्षिक पाहणीत वाचिक छळाचेच प्रमाण सर्वाधिक आढळत आले आहे.

तथापि एक गोष्ट आशादायक आहे. मित्रास शिवी देणारा तोच मुलगा शिक्षक समोर येताच आदरार्थी बोलू लागतो. म्हणजे जिभेवर ताबा आहे. तो कोठे ठेवावा हे सोबती ठरवितात. म्हणून एकट्यास वर्गासमोर दरडावल्याने तो सोबत्यांत वीर ठरण्याचाच संभव अधिक. त्यापेक्षा शब्दाचा अर्थ शांतपणे समजावावा, ज्यांचे इतर ऐकतात अशा मुलांस विश्वासात घ्यावे, आणि गप्प राहणाऱ्यांस बोलते करावे. जाणारा शब्द गोड असेल तरच येणारा शब्द गोड असतो, अशी कोरियन म्हण आहे. शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्यासही ती लागू आहे.