नमस्कार जुळत नाही तेव्हा

मटणाच्या दुकानात खाटीक मांसावरून एक पातळ, पांढुरका, चिवट पापुद्रा सुरीच्या टोकाने सोलून काढतो. तीच प्रावरणी, डॉक्टर तिला फॅशिया म्हणतात. आपल्याही स्नायूंना तिचं वेष्टण असतं. ती सैल, लवचीक असते म्हणूनच हात वर जातो, मांडी घालता येते. एरवी तिची आठवणही होत नाही. आखडली की मात्र पावलोपावली होते.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या काही रुग्णांत ती अशीच आखडते. दुसऱ्याची मज्जा घेताना त्याची प्रतिकारशक्तीही आपल्या अंगात येते. दात्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगाचा समाचार घेतात. पण कधी कधी त्यांना रुग्णाचं शरीरच परकं वाटतं. हा ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, म्हणजेच जीव्हीएचडी. तो जुनाट झाला की कातडी, डोळे, तोंड, यकृत, फुप्फुसं यांना त्रास होतो. कधी पाळी प्रावरणीची येते.

आधी हातपाय सुजतात, पेटके येतात. मग प्रावरणी जाड आणि ताठ होऊ लागते. वरची कातडी तेव्हा जवळपास नेहमीसारखीच असू शकते, म्हणून फसगत होते. हात वर धरला की शिरेतलं रक्त ओसरतं आणि शिरेच्या रेषेवर लांबट खाच पडते. आजूबाजूचा भाग घट्ट झाल्याची ही खूण. दुसरी खूण नमस्काराची. मनगटं आणि बोटं ताठरली की तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. तपासणीत रुग्णाचा खांदा, कोपर, मनगट आणि घोटा किती वळतो, हे छायाचित्रांच्या तक्त्याशी ताडून गुण देतात. पहिल्या तिघांना प्रत्येकी ७, घोट्याला ४. सगळं सुरळीत असेल तर २५ पैकी २५.

स्नायूंची गोष्ट आणखी अवघड. जिना चढवत नाही, खुर्चीतून हाताचा टेकू दिल्याशिवाय उठवत नाही, अशी तक्रार आली की कारण दोनांपैकी एक असू शकतं. दात्याच्या पेशींनी स्नायूंनाच दाह दिला असेल, तर ते दुखतात आणि रक्तातलं क्रिएटिन कायनेज बहुधा वाढलेलं दिसतं. पण हाच आजार आवरण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनेही मांड्या झिजतात. तेव्हा दुखत नाही आणि क्रिएटिन कायनेजही सहसा वाढत नाही. पहिल्यात औषध वाढवावं लागतं, दुसऱ्यात कमी करावं लागतं. गफलत झाली तर उपचारच उलटा पडायचा.

उपचारांची सुरुवात स्टेरॉइडनेच होते. ती पुरेशी पडली नाहीत तर पुढची औषधं आता आहेत: अमेरिकेत २०१७ मध्ये इब्रुटिनिबला, २०२१ मध्ये रक्सोलिटिनिब आणि बेलुमोसुडिलला जुनाट जीव्हीएचडीसाठी मान्यता मिळाली. बेलुमोसुडिल दाहासोबत तंतू साचण्याच्या प्रक्रियेलाही लगाम घालतं. तरी एकदा जमलेला ताठरपणा सोडवणं कठीणच. म्हणून फिजिओथेरपी लवकर सुरू व्हायला हवी, आणि घरच्या घरी लक्षही हवं. आठवड्यातून एकदा आरशासमोर हात जोडून पाहावेत. तळव्यांमध्ये पूर्वी नव्हती अशी फट दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.